लखुजीराव जाधव : वतनदार, मनसबदार की सामंत?

सिंदखेडच्या लखुजीराव जाधवांना नेमके काय म्हणायचे, याबाबत अजून एकवाक्यता नाही. गावात ते ‘राजे’ आहेत. शाळेच्या पुस्तकात निजामशाहीतले मातब्बर सरदार आहेत. मराठी कागदपत्रांत देशमुख, तर मोगली तवारिखांत ‘जादुराय’ नावाचे मनसबदार म्हणून ते भेटतात. इतिहासाच्या परिषदांत गेले, तर ते ‘सामंत’ होतात आणि तिथे वाद सुरू होतो. मध्ययुगीन भारतात, विशेषतः दख्खनेत, युरोपसारखी सामंतशाही होती का, हा तो वाद. निदान सत्तर वर्षे तो चालू आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका घराण्यावरून तो तपासला तर कुठे येऊन थांबतो, हे पाहण्याचा इथे प्रयत्न आहे.

घाटावरचा मुलूख

जिल्ह्यात आजही ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ अशी बोलण्याची रीत आहे. खाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा, मेहकर हा वरचा भाग. राजकीय नकाशावर हा पट्टा कायम कुणाच्या तरी सीमेवर राहिला. यादवांनंतर बहमनी, 1490 नंतर इमादशाही, 1574 मध्ये ती निजामशाहीने गिळली आणि 1596 मध्ये तहाने वऱ्हाड अकबराकडे गेले. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये मेहकरचे नाव येते. पण तहाने मुलूख मिळणे वेगळे आणि वसूल हाती येणे वेगळे. घाटावरच्या परगण्यांवर अहमदनगरचा हक्क की बुऱ्हाणपूरच्या मोगल सुभेदाराचा, हे पुढची तीस-पस्तीस वर्षे तलवारीवर ठरत राहिले. त्याआधी 1590 मध्ये याच जिल्ह्यातल्या रोहिणखेडला निजामशाहीच्या गादीचा निकाल लागला होता. बुऱ्हाण निजामशाहाच्या बाजूने खानदेशचा राजा अलीखान उतरला आणि जमालखान मारला गेला.

अशा मुलखात सुलतान बदलतो, पण सारा गोळा करणारा माणूस बदलून चालत नाही. कोणत्या गावाची किती जमीन पडीक आहे, कोणता पाटील वसूल दाबतो, पाऊस बुडाल्यावर कोणाला सूट द्यावी लागेल, ही माहिती परगण्यातल्याच माणसाकडे असते. देशमुखाची किंमत तिथे होती.

सिंदखेडची देशमुखी जाधवांकडे कशी आली, याच्या परंपरा एकमेकींशी जुळत नाहीत. एका परंपरेप्रमाणे आधी ती मुळे घराण्याकडे होती, घरातल्या खूनखराब्यात लखुजींनी मदत केली आणि वतन त्यांच्याकडे आले. जुन्या गॅझेटियरच्या कर्त्यांनी घराण्याचे मूळ उत्तर हिंदुस्थानात शोधले. घराण्याची स्वतःची आणि आज सर्वमान्य असलेली धारणा अशी, की हे देवगिरीच्या यादवांचे वंशज. आडनाव, प्रदेश आणि प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी या धारणेला पोषक आहेत. पण 1318 च्या आसपास यादवांची सत्ता संपली आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लखुजी पुढे आले. मधल्या अडीच शतकांची सलग वंशावळ समकालीन कागदांनी सिद्ध झालेली नाही.

2024 च्या जून महिन्यात लखुजींच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याचे संवर्धनाचे काम चालू असताना जमिनीखालून आधी एका शिवमंदिराचा पाया आणि मग सुमारे पावणेदोन मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. पायाशी लक्ष्मी, खालच्या पट्टीवर समुद्रमंथन. गावातल्या अनेकांना यात यादव-जाधव नात्याचा पुरावा दिसला. मूर्तीने सिद्ध होते ते एवढेच, की जाधवांच्या आधीही सिंदखेड हे संपन्न आणि देवळांचे ठाणे होते. तेही काही कमी नाही. उजाड माळावर नव्हे, जुन्या प्रतिष्ठेच्या जागेवर या घराण्याने आपले बस्तान बसवले, हे त्यातून कळते.

दोन हातांत दोन गोष्टी

लखुजींची कारकीर्द निजामशाहीत घडली. 1621 च्या सुमारास ते मोगलांकडे गेले. मोगली इतिहासकार सांगतात, की त्यांच्यासह मुले, नातू आणि भाऊबंद मिळून घराण्याला चोवीस हजार जात आणि पंधरा हजार स्वारांच्या मनसबी होत्या. 1624 च्या भातवडीच्या लढाईत ते मोगलांच्या बाजूला आणि जावई शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूला होते. पुढे ते निजामशाहीत परतले आणि 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात दरबारासाठी बोलावून त्यांची कत्तल झाली. अचलोजी आणि रघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव त्यांच्याबरोबर मारले गेले.

त्यानंतर काय झाले, तिकडे इतिहासलेखनाचे लक्ष कमी गेले. वाद समजून घ्यायला मात्र तेच जास्त उपयोगी आहे. लखुजींची पत्नी, भाऊ जगदेवराव आणि उरलेले कुटुंब दौलताबादच्या परिसरातून निघाले ते थेट सिंदखेडला आले आणि तिथून त्यांनी शाहजहानशी बोलणे लावले. मोगलांनी त्यांना पुन्हा मनसबी दिल्या. म्हणजे निजामशाहाची चाकरी गेली तशी तिच्या जोडीची जहागीर गेली, पण सिंदखेड गेले नाही. मागे हटून उभे राहायला पाय ठेवायची जागा शिल्लक होती.

या दोन गोष्टींतला फरक नीट धरला पाहिजे. जहागीर किंवा मोकासा म्हणजे ठरावीक मुलखाच्या वसुलाचा हक्क. तो चाकरीच्या बदल्यात मिळतो, राजा तो बदलू शकतो, काढून घेऊ शकतो. मराठी राज्यातला सरंजाम हाही तत्त्वतः याच जातीचा. देशमुखीचे वतन निराळे. ते वंशपरंपरेने चालते, भावाभावांत वाटले जाते, गहाण पडते, त्याचा हिस्सा विकताही येतो. देशमुखाला परगण्याच्या वसुलातून ठरलेला हक्क मिळे, इनाम जमीन असे, गावोगावच्या सणावारांत मानपान असे. वतनावरून तंटा झाला तर गोतसभा बसे आणि तिच्या निवाड्याचा महजर होई. असे महजर पाहण्यासारखे असतात. वर काजीचा शिक्का, खाली देशमुख-देशपांड्यांच्या सह्या, आणि त्याखाली लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या. कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी, आणखी कुणाचे आपल्या धंद्याचे हत्यार. सुलतानाचे फर्मान वरून येई, पण वतन खरे की खोटे याची साक्ष ही खालची मंडळी देत.

लखुजींच्या एका हातात मनसब आणि तिच्या जोडीची जहागीर होती आणि दुसऱ्या हातात वतन. त्यांना सामंत म्हणायचे की नाही, हे आपण कोणत्या हाताकडे पाहतो यावर बरेचसे अवलंबून आहे. वादातल्या दोन्ही बाजूंनी बहुतेक वेळा एकाच हाताकडे पाहिले, असे मला वाटते.

वादाची वाटचाल

भारतात ‘फ्यूडल’ व्यवस्था पाहणारा पहिला मोठा लेखक जेम्स टॉड. 1829 ते 1832 मध्ये त्याने राजपुतान्याच्या ठाकुरांत युरोपचे सरदार पाहिले. मार्क्सची दिशा उलटी होती. त्याने आशियाई समाजात जमिनीच्या खाजगी मालकीचा अभाव पाहिला आणि युरोपच्या टप्प्यांत भारताला सहजी बसवले नाही. विसाव्या शतकात चित्र बदलले. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात आयुष्य घालवलेले दा. ध. कोसंबी यांनी 1956 च्या ग्रंथात ‘वरून आलेली’ आणि ‘खालून उगवलेली’ अशी सामंतशाहीची दोन रूपे मांडली. पहिल्या रूपात राजा आपले अधिकार मांडलिकांना आणि दान घेणाऱ्यांना देतो. दुसऱ्यात गावातूनच एक जमीनदार वर्ग वर येतो आणि राज्य आणि शेतकरी यांच्यामध्ये उभा राहतो. देशमुख या दुसऱ्या रूपात चपखल बसतो. रामशरण शर्मांनी 1965 च्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’मध्ये ताम्रपटांच्या आधारे ही मांडणी भक्कम केली. पण त्यांचा काळ साधारण चौथ्या ते बाराव्या शतकाचा. भूदानांमुळे शेतकरी दान घेणाऱ्यांच्या कह्यात गेला, व्यापार आणि नाणी आटली, शहरे ओसरली हा त्यांचा युक्तिवाद सतराव्या शतकातल्या दख्खनेला जसाच्या तसा लागू होत नाही. इथे होन आणि रुपये खुळखुळत होते आणि बुऱ्हाणपूरच्या वाटेने सुरतेपर्यंत माल जात होता.

1979 मध्ये हरबन्स मुखिया यांनी भारताच्या इतिहासात सामंतशाही होती का, हाच प्रश्न उघड विचारला. त्यांचे म्हणणे असे, की युरोपच्या सामंतशाहीचा गाभा भूदासात आहे. धन्याच्या शेतावर त्याला सक्तीने राबावे लागते. भारतात जमीन सुपीक, बैल वशिंडाचा म्हणून नांगराला पूर्ण जोर लावणारा, शेतकऱ्याच्या गरजा थोड्या. इथला शेतकरी आपल्या शेतीचा कारभार स्वतः करत असे. त्याच्याकडून अतिरिक्त उत्पन्न काढून घेतले जाई ते कराच्या रूपाने. यावर जगभरातून उत्तरे आली आणि 1985 मध्ये त्यांचा ग्रंथच झाला. शर्मांचे उत्तर होते, की सामंतशाहीचे एकच रूप नसते. वेठ इथेही होती आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य मुखिया मानतात तेवढे नव्हते. इरफान हबीब यांनी मोगल काळापुरती वेगळी वाट धरली. 1963 च्या आपल्या ग्रंथातच त्यांनी जहागीरदार आणि जमीनदार या दोन वर्गांची हक्कांसह फोड केली होती. बदलती जहागीर आणि पैशातला सारा असलेल्या व्यवस्थेला सामंतशाही म्हणायला ते तयार नव्हते.

दरम्यान युरोपातच या संकल्पनेखालची जमीन सरकली. एलिझाबेथ ब्राउन यांनी 1974 मध्ये आणि सुझन रेनॉल्ड्स यांनी 1994 मध्ये दाखवले, की सरंजाम आणि मांडलिकीचे जे नीटस चित्र आपण युरोपचे समजतो, ते बरेचसे नंतरच्या कायदेपंडितांनी रचलेले आहे. आपण ज्या मापाने सिंदखेड मोजत होतो, ते मापच प्रमाणित नव्हते.

बल्गेरियातला एक जोडीदार

पश्चिम युरोपपेक्षा बाल्कनची तुलना अधिक उपयोगी पडते. तेही दोन-तीन साम्राज्यांच्या सांध्यावरचे जग होते. कालोयान या बल्गेरियन राजाचा भाचा अलेक्सी स्लाव हा 1207 नंतर, मामाच्या मृत्यूनंतरच्या गादीच्या भांडणात, रोडोपी पर्वतात स्वतंत्र झाला. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या लॅटिन सम्राट हेन्रीला त्याने धनी मानले, त्याच्या मुलीशी लग्न केले आणि ‘डेस्पोट’ हा किताब घेतला. हेन्री गेल्यावर त्याने एपायरसच्या राज्यकर्त्यांशी सोयरीक जोडली. त्याचे ठाणे पुढे पिरिन पर्वताच्या पायथ्याशी मेल्निकला गेले, पण सत्ता या डोंगरी पट्ट्यातच राहिली. 1220 मध्ये तिथल्या एका मठाला त्याने दिलेली सनद आजही अभ्यासली जाते. धनी बदलतो, किताब बदलतो, सोयरिकी बदलतात आणि डोंगरातला आधार टिकतो, हा नमुना लखुजींना ओळखीचा वाटला असता.

बायझंटाईन जगातल्या ‘प्रोनोइया’ या वसूल-नेमणुकीवरूनही आपल्यासारखाच वाद झाला. जॉर्ज ओस्ट्रोगोर्स्कीने तिला सरंजामाचेच रूप मानले, तर 2012 मध्ये मार्क बार्टुसिस यांनी ती मुळात सम्राटाने दिलेली राजस्वाची नेमणूक होती, असे सविस्तर मांडले. हा अगदी आपला जहागीर-वतन पेच आहे, फक्त ग्रीक अक्षरांत.

मराठी संशोधन काय सांगते

परिषदांतला वाद बऱ्याच अंशी उत्तर भारताच्या साधनांवर चालला. महाराष्ट्रात काम झाले ते कागदांच्या बाजूने. राजवाड्यांनी 1898 पासून काढलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या खंडांत वतनाच्या भांडणांचे ढीग आहेत. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 मध्ये गोतसभा आणि महजर यांचा पद्धतशीर अभ्यास केला. अ. रा. कुलकर्णींनी शिवकालीन महाराष्ट्राचा आर्थिक-सामाजिक पट मांडला. हिरोशी फुकाझावा हे जपानी संशोधक मोडी वाचत दख्खनेच्या गावात शिरले आणि वेठबेगारीपासून बलुत्यापर्यंतचे तपशील त्यांनी बाहेर काढले. फ्रँक पर्लिन यांनी दाखवले, की मोठी घराणी अनेक ठिकाणची लहानमोठी वतने गोळा करून आपली ताकद बांधत. आंद्रे विंक यांनी 1986 मध्ये आणखी पुढची गोष्ट सांगितली. आपण ज्याला फितूर म्हणतो, ती त्या काळच्या राज्यकारभाराची नेहमीची रीत होती. राज्य उभे राहायचे तेच स्थानिक वतनदारांना एकाकडून दुसऱ्याकडे वळवून.

विंक यांच्या मांडणीने लखुजींवरचा ‘कधी इकडे कधी तिकडे’ हा जुना आरोप बोथट होतो. तिच्यावरही आक्षेप आहेत. सगळेच फितूर असेल तर निष्ठेसाठी जीव देणाऱ्यांचे काय करायचे, हा एक. आणि राजसत्ता अगदीच हतबल होती का, हा दुसरा. दौलताबादच्या दरबारात जे घडले, ते हतबल सुलतानाचे कृत्य वाटत नाही. की घाबरलेल्या सुलतानाचेच होते? तिथे मते फुटतात.

बखरींत जाधव-भोसले संबंधांच्या दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. रंगपंचमीला लहानग्या शहाजी-जिजाऊंना पाहून लखुजींच्या तोंडून गेलेला ‘जोडा शोभतो’ अशा अर्थाचा शब्द ही एक, आणि खंडागळ्यांच्या हत्तीवरून झालेली मारामारी ही दुसरी. पहिली तर बहुतेक इतिहासकार दंतकथाच मानतात. पण दंतकथेतही समाजाची उतरंड नीट उतरली आहे. वेरूळच्या पाटलाचे, म्हणजे भोसल्यांचे घर आणि सिंदखेडच्या देशमुखाचे घर यांच्यात किती अंतर मानले जाई, ते या गोष्टीइतके स्पष्ट एखाद्या सनदेत सापडायचे नाही.

नातवाचे धोरण

लखुजींच्या कन्या जिजाऊंचा जन्म देशमुखाच्या घरातला आणि देशमुखांना सर्वांत जास्त आवर घातला तो त्यांच्या मुलाने. सभासद बखर सांगते, की शिवाजीमहाराजांनी देशमुखांचे कोट-वाडे पाडले आणि त्यांच्या हक्कांना ठरावीक माप लावले. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांचे वर्णन राज्यातले वाटेकरी असल्यासारखे केले आहे. त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये, असा त्याचा आशय. यावरून काहींनी शिवशाही ही सामंतशाहीविरोधी क्रांती ठरवली. बहुतेक संशोधक इतके पुढे जात नाहीत. वतने आवरली गेली, संपवली गेली नाहीत, आणि महाराजांनी स्वतः सरदेशमुखीचा हक्क सांगितलाच होता. राजारामांच्या काळात औरंगजेब मराठी सरदारांना वतनांची आमिषे दाखवू लागला, तेव्हा मराठ्यांनाही सनदा वाटाव्या लागल्या. याच जाधव कुळातले धनाजी त्या काळात सेनापती झाले.

सिंदखेडची शाखा मात्र मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे राहिली. 1724 मध्ये निजाम-उल्-मुल्काने साखरखेर्ड्याला मुबारिजखानाला मारून हैदराबादच्या राज्याचा पाया घातला, तोही याच तालुक्यात. 1757 च्या अखेरीस पेशव्यांच्या फौजेने सिंदखेडला रामचंद्र जाधवांना कोंडले. शेवट एकोणिसाव्या शतकात झाला. गॅझेटियरप्रमाणे 1851 च्या सुमारास जाधवांच्या पदरच्या अरबांची निजामाच्या फौजेशी लढाई झाली, घराण्याची जहागीर आणि हक्क जप्त झाले. दोन वर्षांनी वऱ्हाड इंग्रजांकडे गेले आणि तिथे रयतवारी आली.

जे सुटलेले नाही

घराण्याविषयीचे प्रश्न तसे किरकोळ म्हणता येतील. लखुजींच्या पत्नीचे नाव मराठी परंपरेत म्हाळसाबाई, अन्यत्र गिरिजाबाई. या दोघी की एकच, हे ठरलेले नाही. खुनामागे नुसता संशय होता की दरबारी कारस्थान, याची कारणे तवारिखागणिक बदलतात.

मोठा प्रश्न जमिनीवरच्या माणसाचा आहे. सिंदखेडला वाडा आहे, नीळकंठेश्वर आणि रामेश्वराची देवळे आहेत, मोती तलाव आहे, पुतळा बारव आहे, अपुरा काळाकोट आहे. या दगडांमागचे श्रम मजुरीचे होते की वेठीचे? मुखिया बरोबर की शर्मा, हे सिंदखेडपुरते या एका प्रश्नावर बरेचसे ठरेल. फुकाझावांनी पुराव्याने दाखवलेली वेठबेगार अठराव्या शतकातली आणि पेशव्यांच्या मुलखातली आहे. ती मागे सरकवून निजामशाहीतल्या घाटावर नेता येईल असे सरसकट म्हणता येत नाही. शिवाय त्या काळी जमीन मुबलक आणि माणसे कमी होती. 1630 ते 32 च्या दुष्काळाने दख्खन ओस पडल्यावर पळालेली रयत परत आणायला कौल द्यावे लागत, पहिली काही वर्षे कमी सारा घ्यावा लागे. ज्या कुणब्याला दुसऱ्या परगण्यात निघून जाता येते, त्याला भूदास म्हणणे अवघड. पण निघून जाणे उपऱ्याला, म्हणजे बाहेरून आलेल्या कुळाला, सोपे होते. वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्या मिरासदाराला मिरास सोडून जाणे जड होते, आणि बलुतेदाराला तर त्याहून जड.

इथे जातीचा प्रश्न येतो. शरद पाटलांनी आग्रहाने सांगितले, की जात वगळून भारतीय सामंतशाहीची चर्चाच होऊ शकत नाही. त्यांच्या अनेक निष्कर्षांशी इतिहासकारांचे जमले नाही, पण प्रश्न टाळता येणार नाही असा आहे. परगण्याच्या देशमुखाचे वतन होते आणि गावकुसाबाहेरच्या महाराचेही वतनच होते. एकाला त्याने सत्ता मिळाली, दुसऱ्याला तो सेवेचा दोरखंड झाला. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते हा दोरखंड सैल करण्यासाठी. महजरावर नांगराची निशाणी उमटवणारा कुणबी आणि निवाडा ऐकायला लांब उभा राहणारा माणूस यांना एकाच ‘स्वतंत्र शेतकरी’ वर्गात कोंबणे मुखियांच्या बाजूची कच्ची जागा आहे. शर्मांच्या बाजूची कच्ची जागा अशी, की तीत वरचा दानकर्ता ठळक आहे आणि भांडून, विकून, वाटून घेत वतन चालवणारे खालचे जग धूसर आहे.

साधने दोन ठिकाणी विभागली गेल्याने हा तिढा वाढला. मोगल दख्खनचे फारसी कागद मोठ्या संख्येने हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत, मोडी रुमाल पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि घराघरांत. फारसीवाल्यांना लखुजी मनसबदार दिसतात आणि मोडीवाल्यांना देशमुख. सिंदखेड परगण्यापुरते तरी हे दोन्ही ढीग एकाच टेबलावर आले, तर एखाद्या गावचा सारा किती, त्यातून देशमुखाचा हक्क किती, जहागीरदाराकडे किती गेला आणि कुणब्याच्या कणगीत काय उरले, याचा हिशेब मांडता येईल. सध्या या चार आकड्यांपैकी एखादा-दुसराच कुठे कुठे हाती लागतो आणि तोही वेगवेगळ्या सालातला असतो.